फायनल आणि नागपूरची गाडी

"जिल्हा म्हणजे कोण?" वस्तादांनी विचारलं.

प्रश्न सोपा होता, पण वस्ताद सोपे प्रश्न विचारायला लागले की उत्तर देणाऱ्याची धडगत नसायची.

"जिल्ह्यानं तुला दूध पाजलं? जिल्ह्यानं तुझे पाय रगडले? चिखलात लोळून घरी गेलास आणि बापानं दार लावून घेतलं, तवा जिल्हा आल्ता कडी वाजवायला?"

हे सगळं हैदर मुजावरला उद्देशून होतं. हैदर आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसला होता. त्याचे हात फावड्याएवढे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला गोलात सोडून इतरत्र कधी कळत नसे. दिवसभर तो उद्यमनगरात एका फाउंड्रीत ओतकाम करायचा. संध्याकाळी तो अख्ख्या कोल्हापुरातला सगळ्यात चांगला गोलकीपर असायचा.

"तसं न्हवं वस्ताद," तो म्हणाला. "तारखाच तशा आल्यात."

तारखा खरंच तशा आल्या होत्या. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेचा फुटबॉलचा संघही तालमीचाच. आमची दगडी तालीम त्या वर्षी चॅम्पियनशिपच्या फायनलला आली होती. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून आम्ही फायनल बघायला जात होतो, खेळायला पहिल्यांदाच निघालो होतो. समोर घाट तालीम. मॅच रविवारी. आणि नेमकी त्याच रविवारी नागपूरला आंतरजिल्हा स्पर्धा सुरू होत होती. नागपूरवाल्यांनी उन्हाच्या धास्तीनं तारीख अलीकडं ओढली होती. जिल्ह्याच्या संघात गोलकीपर आमचा हैदर आणि फॉरवर्ड घाट तालमीचा राजाराम पोवार. संघाची गाडी शुक्रवारी दुपारी. जो जाणार नाही त्याच्यावर पुढच्या सीझनला बंदी.

फायनल अलीकडं घेता येत नव्हती, कारण बक्षीस द्यायला येणाऱ्या मंत्र्यांना त्याआधी सवड नव्हती. पलीकडं ढकलता येत नव्हती, कारण त्यानंतर मैदान सर्कशीला दिलं होतं.

"मग हत्ती थांबवा की," वस्ताद म्हणाले.

जिल्हा मंडळाचे सेक्रेटरी मगदूम सर कोपऱ्यातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले होते. ते शाळेत भूगोल शिकवायचे. "दत्तोबा, मी हत्तीशी बोलू शकत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मी फक्त तुमच्याशी बोलू शकतो. आणि खरं सांगायचं तर त्यात काही फार फरक नाही."

तालमीत दुसऱ्या कुणी हे बोललं असतं तर उचलून आखाड्यात टाकला असता. पण मगदूम सरांनी आमच्यातल्या निम्म्यांना दहावीला ढकललं होतं.

सरांनी तोडगा आणला होता. घाट तालमीनं पोवारला सोडायचं, आम्ही हैदरला. त्यांचा फॉरवर्ड नाही, आमचा गोलकीपर नाही, म्हणजे फिट्टंफाट.

"आणि घाटावरची तयार हायत?" वस्तादांनी विचारलं.

"लगेच हो म्हणाले."

"लगेच?"

"मी विचारायच्या आधीच."

सगळी तालीम वळून माझ्याकडं बघायला लागली.

मी सदानंद मिठारी, तालमीत सद्या. दगडी तालमीचा दुसरा गोलकीपर. दुसरा गोलकीपर म्हणजे ज्याला जर्सी मिळते पण ती धुवावी लागत नाही. मी खेळायला लागल्यापासून हैदर एकदाही आजारी पडला नव्हता, एकदाही त्याचं बोट दुखावलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो मला गोलात उभं करून स्वतः बॉल मारायचा, आणि दोन्ही पेठांतली माणसं कठड्यावर बसून ते बघायची. दगडी तालीम आणि घाट तालीम यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे मला गोल सांभाळता येत नाही.

"हैदर," वस्ताद म्हणाले, "तुझ्या मनात काय हाय ते सांग. मग बघू."

हैदरनं हात एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवले. "नागपूरला रेल्वेचा कोच येणाराय. त्यांना गोलकीपर पाहिजे. नोकरी हाय, वस्ताद. फाउंड्रीत किती वर्सं काढू? डोळ्यांची आग होतीया."

वस्तादांचे कान कुस्तीत मोडलेले होते, पण हे त्यांना नीट ऐकू गेलं असावं. त्यांनी आखाड्यातली चिमूटभर लाल माती उचलली आणि परत टाकली. मग उठले. "जा," म्हणाले. "पण पोवार गाडीत बसलेला मला माझ्या डोळ्यांनी दिसला पायजे."

*

शुक्रवारी दुपारी आमची अख्खी तालीम स्टेशनवर होती. घाट तालीमही होती. ते हैदर जातोय का बघायला आले होते, आम्ही पोवार जातोय का बघायला. प्लॅटफॉर्मवर इतकी गर्दी झाली की एका हमालानं कोण पुढारी चाललाय म्हणून चौकशी केली.

पोवार खिडकीत बसला होता. दिसायला देखणा, केसांची झुलपं, आणि चेंडू पायाशी असला तरी नसला तरी हसणारा. हैदर दारात उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"हैदरभाई, मला जमंल?"

"पोवार माझ्यासंगं हाय. आता घाबरायला राहिलंय कोण?"

"मीच राहिलोय की."

तो हसला. गाडी हलली. वस्तादांनी शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मान वळवली नाही. मग म्हणाले, "गेले दोघं," आणि आम्ही सगळे चहाला गेलो.

त्याच दिवशी दिवेलागणीला आमच्या तालमीतला एकजण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेला. म्हशी उभ्या होत्या, धारा काढणं चाललं होतं, आणि पोवार कट्ट्यावर बसून फेसाचं दूध पीत होता. मिशीला फेस लागलेला.

"नागपूरला गेला न्हाईस?" त्याला विचारलं.

"मिरजेपतूर गेलो," पोवार म्हणाला. "पोटात मळमळायला लागलं." आणि त्यानं दुसरा ग्लास मागवला.

ही बातमी तालमीत आली तेव्हा मी जोर काढत होतो. तो जोर अर्धाच राहिला.

मंडळी खवळली. कुणी म्हणालं घाटावर चला, कुणी म्हणालं मगदूम सरांकडं चला. वस्तादांनी सगळ्यांना गप्प केलं. "मिरजेला इंजिन बदलत्यात," ते म्हणाले. "गाडी लई वेळ थांबती. पोवार उतरला ते हैदरनं बघितलं असणार. त्यो काय दुधखुळा न्हाई. येईल."

रात्रीपर्यंत आला नाही. शनिवारी सकाळपासून वस्ताद एसटी स्टँडवर जाऊन बसले. मिरजेची प्रत्येक गाडी आली की उभे राहायचे, उतरणारी माणसं संपली की बसायचे. मी त्यांच्या शेजारी होतो. हैदर यावा असं मला मनापासून वाटत होतं. मी देवाला तसं सांगितलंही. आणि प्रत्येक गाडी रिकामी झाली की माझ्या छातीत काहीतरी उडी मारत होतं, आणि ती उडी सगळीच भीतीची नव्हती.

ऊन उतरल्यावर वस्ताद उठले. धोतर झटकलं.

"त्यो जिल्ह्याचा झाला," ते म्हणाले.

तालमीत परत आल्यावर त्यांनी हैदरचा फोटो भिंतीवरून काढायला सांगितला. पण भिंतीवर हैदरचा एकट्याचा फोटो नव्हता, सगळ्या संघाचा मिळून एकच होता. थोडी चर्चा झाली. शेवटी फोटो उलटा लावण्यात आला. त्यामुळं आम्ही सगळेच भिंतीकडं तोंड करून लटकलो.

घरी आमचं भडंगाचं दुकान. रात्री जेवताना वडील म्हणाले, "उद्या खेळणार म्हणं तू?"

"व्हय."

"हात सांभाळ. सोमवारी चुरमुरं परतायचं हाय." आणि थोड्या वेळानं, "फार लांब लांब उड्या मारू नको. जवळचं जवळचं धर."

मला मिळालेला तेवढाच एक सल्ला.

*

मॅचचं काय सांगू? स्टेडियम शिगोशीग भरलं होतं. मी गोलात जाऊन उभा राहिलो तर मागच्या बाजूला घाट तालमीची पोरं बसलेली. त्यांनी माझं स्वागत चुरमुरे उधळून केलं.

पोवारचं पोट पूर्ण बरं झालं होतं. पहिल्याच हल्ल्यात त्यानं आमच्या दोघांना खाली बसवलं आणि डाव्या कोपऱ्यात बॉल असा सरकवला की मी उडी मारली तेव्हा तो जाळ्यातून परत यायला लागला होता. एक शून्य. मागं ढोल सुरू झाले. आमच्या पाठीराख्यांतून कुणीतरी हैदरला शिवी हासडली. मला कुणी शिवी दिली नाही. माझ्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

मग एक गंमत झाली. पोवारला माझ्या गोलात चेंडू मारणं इतकं सोपं वाटायला लागलं की तो दुरून मारायला लागला. तिथून नको, आणखी पुढं जा असं त्याचे गडी ओरडत होते. पण त्याला लोकांना काहीतरी दाखवायचं होतं. दुरून आलेले बॉल मला दिसत होते. वडील म्हणाले तसं मी जवळचं जवळचं धरत गेलो. हाफटाइमनंतर आमच्या बबन सुतारनं कॉर्नरवरून डोकं घातलं आणि बरोबरी झाली. बॉल त्याच्या डोक्याला लागला की त्याचं डोकं बॉलला लागलं, यावर पेठेत अजून वाद आहे.

जादा वेळ झाला. मंत्र्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. टायब्रेकर आला.

त्यांचे सगळे गेले, आमचेही सगळे गेले. प्रत्येक वेळी मी एका बाजूला उडी मारायचो आणि बॉल दुसऱ्या बाजूला जायचा. पोवारनं तर मारताना माझ्याकडं बघून हसून घेतलं. शेवटी आमचा एक जादा झाला आणि त्यांचा एक मारायचा राहिला. मारायला आला त्यांचा बॅक, घाटगे म्हणून. बैलासारखा माणूस. त्यानं बॉल ठेवला, मागं गेला, आणखी मागं गेला.

कुठल्या बाजूला उडी मारावी याचा मी विचार करत होतो. उजवीकडं मारावी असं ठरवलं. पायांना सांगितलं. पाय हललेच नाहीत. खांबासारखे रोवले गेले होते. घाटगे धावत येताना दिसला, मी डोळे मिटले, आणि माझ्या पोटात कुणीतरी मुसळ घातलं.

डोळे उघडले तर मी बसलो होतो आणि बॉल मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'मिठारी यांनी कमालीचा संयम दाखवत जागा सोडली नाही.'

पेठेत गुलाल झाला. मला खांद्यावर घेतलं, दत्ताच्या देवळाजवळ पाडलं, परत घेतलं. वस्तादांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला तेलाचा आणि लाल मातीचा वास येत होता. माझ्या कानात ते म्हणाले, "आता हैदर न्हाई, तू. त्यो परत आला तर उंबरा ओलांडायचा न्हाई." मी म्हणालो, "पोट दुखतंय."

*

चार दिवसांनी जिल्ह्याचा संघ परत आला. स्टेशनवर कुणी गेलं नव्हतं. मी गेलो. वडिलांना दळण आणायला जातो म्हणून सांगितलं होतं.

हैदर उतरला. अंगात जिल्ह्याची जर्सी, खांद्याला पिशवी. मला बघून त्यानं इकडं तिकडं बघितलं. आणखी कुणी नव्हतं.

"जिंकलो ते कळलं," तो म्हणाला. "पुण्याला पेपर बघितला. पोवारनं किती मारलं?"

"एक. आणि टायब्रेकरला एक."

"एकच?" त्याचा चेहरा उजळला. "मॅचमधी एकच?"

"तुमचं काय झालं?"

"पहिल्याच मॅचला हरलो."

"आणि रेल्वेचा कोच?"

"आल्ता. समोरच्या गोलकीपरला घेऊन गेला. चांगला हुता पोरगा." जणू बाजारात कुणी चांगली म्हैस नेली, तसं तो बोलला.

आम्ही स्टेशनबाहेर चहा घेतला. मला राहवेना. म्हटलं, "हैदरभाई, पोवार मिरजेला उतरला ते तू बघितलंस?"

"बघितलं की. मी बी उतरलो हुतो."

"काय?"

"पिशवी घेऊन उतरलो. म्हटलं त्यो परत चाललाय तर मला बी गेलं पायजे. रेल्वे-बिल्वे काय डोक्यात न्हाई. पेठंची फायनल हाय. स्टँडकडं निघालो बी. तर पोवार मागनं हसत आला." हैदरनं बशी खाली ठेवली. "म्हणाला, 'चल चल, बरं झालं. तू आलास तर मॅच तरी हुईल. न्हायतर मला लाज वाटत हुती. गोलात ते भडंगवाल्याचं पोरगं उभं, म्हंजे दार उघडं टाकून घरात कुत्रं बांधल्यागत.'"

मी माझ्या कपातली साय बोटानं बाजूला केली.

"माझं डोकं सणकलं. रोज सांजच्याला मी तुला बॉल मारतो. हाताची सालपटं निघस्तोवर. तुझं काय चुकतंय, काय न्हाई, ते मला ठावं हाय का त्याला? म्हटलं, आता मी परत गेलो तर ह्याचं खरं ठरलं. पेठंला बी वाटंल, खरंच सद्याच्यानं झालं नसतं." त्यानं खांदे उडवले. "चढलो परत गाडीत."

"आणि मी हरलो असतो तर?"

"मग मी नागपुरातनं आलोच नसतो," हैदर म्हणाला.

हे सगळं मला तालमीत जाऊन ओरडून सांगायचं होतं. पण त्यानं माझा हात धरला. "सांगायचं न्हाई. फायनल सोडून गाडीत का चढलो, तर पोवारच्या रागानं, हे वस्तादांना कळलं तर ते मला उंबऱ्याबाहेर न्हाई, पंचगंगेत टाकतील. आणि घाटावरचं लोक हसतील. आईची शपथ घे."

मी घेतली. आणि एक गोष्ट मात्र त्याला सांगून टाकली. "घाटगेच्या बॉलला माझं पाय हललं न्हाईत रं. भीतीनं."

हैदरनं विचार केला. "पळाला तर न्हाईस ना?" तो म्हणाला. "पळून जायला बी पाय लागत्यात."

*

पावसाळा गेला. हैदर फाउंड्रीत जात राहिला. संध्याकाळी तो तालमीवरून जायचा तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचा. त्याला शिवी देणारं आता कुणी नव्हतं, कारण जिंकल्यावर राग टिकत नाही. पण त्याला हाक मारणारंही कुणी नव्हतं. पोवारला मंडळानं समज दिली, बंदी घातली नाही. त्याच्या पोटाचं डॉक्टरी सर्टिफिकेट होतं.

नव्या सीझनच्या पहिल्या मॅचच्या सकाळी वस्तादांनी मला बोलावलं. हातात एक नंबरची जर्सी होती. इस्त्री केलेली.

"घे."

ती जर्सी मला किती वर्षं हवी होती, ते मी सांगत नाही. मी ती घेतली नाही. म्हणालो, "वस्ताद, हात दुखतोय."

"कुठला?"

हे मी ठरवून गेलो नव्हतो. "दोन्ही," म्हणालो.

वस्तादांनी माझे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले, मनगटं दाबली. आयुष्यभर मोडलेले हात त्यांनी बसवले होते. दुखणारा हात आणि न दुखणारा हात त्यांना अंधारातही ओळखू आला असता.

"लई दिवसाचं दुखणं दिसतंय," ते म्हणाले.

"व्हय."

"शनिवार रविवार जास्त दुखत असंल."

"शनिवार रविवारच दुखतंय."

ते उठले आणि भिंतीजवळ गेले. उलटा फोटो सरळ केला. त्याच्या काचेवर धूळ नव्हती. उलट्या टांगलेल्या फोटोच्या काचेवर कोण कधी फडकं मारत होतं, ते मी विचारलं नाही.

"मी काय त्याला बोलवायला जाणार न्हाई," वस्ताद पाठमोरे म्हणाले. "त्याला म्हणावं, गोल मोकळा हाय."

मी फाउंड्रीकडं पळत गेलो. हैदरनं निरोप ऐकला, साच्यात ओतायचं राहिलेलं ओतून पुरं केलं, हात धुतले आणि मग आला. उंबऱ्यात एकदा थांबला. वस्ताद म्हणाले, "पाया पडायचं तर आत येऊन पड, दारात गर्दी करू नको."

हैदर पुढं बरीच वर्षं खेळला. रेल्वेत नाही, पण एका साखर कारखान्याच्या संघानं त्याला नोकरी दिली आणि त्याचे डोळे वाचले. पण तो तालमीत परतला त्याच सीझनच्या शेवटी तारखा परत अडकल्या. या वेळी स्पर्धा जळगावला होती आणि आमची सेमीफायनल घाट तालमीशीच होती. मिरजेच्या प्रकारानंतर पोवारला मंडळानं जिल्ह्याच्या संघात घेतलंच नव्हतं. वस्ताद माझ्या दुकानात आले, शंभर ग्रॅम भडंग घेतलं आणि हातांची चौकशी केली.

मी म्हणालो, "बरं वाटतंय कालपासनं."

त्या मॅचला मी उड्या बरोबर मारल्या. पायही हलले. पोवारनं तीन घातले.

हैदर जळगावहून आला तेव्हा सगळी तालीम स्टेशनवर होती. त्यानं उतरल्या उतरल्या मला शोधून काढलं आणि विचारलं, "कुठनं कुठनं मारलं, दाखव." मग संध्याकाळी कठड्यावर लोक जमेपर्यंत वाट न बघता त्यानं मला गोलात उभं केलं.